गॅसच्या पाइपाला अर्थिंग द्यायचं, त्याच्याकडून घ्यायचं नाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे, पण बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष महोदय, सचिव ताई, कार्यकारिणीचे सदस्य, आणि गेली पंचवीस वर्षं एकमेकांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिलेले माझे सगळे शेजारी,



मला बोलायला सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही सोसायटीच्या आठवणी सांगा." मी म्हटलं, आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. आधीच्या वक्त्यांनी टँकरच्या, पहिल्या गणपतीच्या, पार्किंगच्या भांडणाच्या आठवणी सांगितल्याच. मी आयुष्यभर वाळूजच्या कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम केलं. मला तारा आणि पाइप याशिवाय फारसं काही कळत नाही. म्हणून मी पाइपाबद्दलच बोलणार आहे. जेवण साडेआठला आहे, तेवढ्यात संपवतो.

विषय असा आहे. आपल्या गेल्या सर्वसाधारण सभेत पाइपचा गॅस घ्यायचा ठराव झाला. आता हा गॅस आपल्या शहरात काही एका दिवसात आलेला नाही. २०१८ साली पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या नवव्या फेरीत तेव्हाचे अहमदनगर आणि औरंगाबाद हे दोन जिल्हे मिळून एक क्षेत्र ठरलं आणि ते काम भारत पेट्रोलियम समूहाकडे गेलं. तेव्हापासून रस्ते खोदलेले आपण पाहतोच आहोत. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे इमारतीच्या भिंतीवर चढलेले पिवळे पाइप आपण पाहिलेत. तसेच पाइप आता आपल्याकडे चढतील. सिलिंडर संपला म्हणून शेजारी धावायचं नाही, नंबर लावायचा नाही. चांगलीच गोष्ट आहे. मी ठरावाला हात वर केला होता.

पण ठराव झाल्यानंतर घरी गेलो आणि झोप लागली नाही. कारण मला २०१६ साल आठवलं.

जुन्या सभासदांना आठवत असेल. आपल्या बी विंगचे पाण्याचे लोखंडी पाइप गंजले होते. नळाला तांबडं पाणी यायचं. मी तेव्हा दुरुस्ती समितीत होतो. तीन कोटेशन आली. मी पाइपाचा व्यास पाहिला, कंपनी पाहिली, हमी किती वर्षांची ते पाहिलं, भावात घासाघीस केली आणि सही केली. उभे लोखंडी पाइप निघाले, त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे आले. घरांच्या आतले, भिंतीतले पाइप मात्र लोखंडीच ठेवले, कारण टाइल्स फोडायला कोणी तयार नव्हतं. पाणी स्वच्छ यायला लागलं. माझं कौतुकही झालं.

दोन महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावर एका घरी धुण्याभांड्याच्या मावशी काम करत होत्या. बाथरूममध्ये गीझर चालू होता. त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाला ओल्या हातानं धरलं आणि त्या फेकल्या गेल्या. मनगट मोडलं. जीव वाचला तो केवळ हात सुटला म्हणून.

मी धावत गेलो. टेस्टर लावला, तर नळाला लाईट. फ्रिजच्या दाराला लाईट. गीझर बंद केला, सगळं थंड. गीझरचं आतलं एलिमेंट फुटलं होतं हे लगेच कळलं. पण गीझर बाथरूममध्ये आणि धक्का स्वयंपाकघरात, हे कसं? संध्याकाळपर्यंत शोधलं तेव्हा ओट्याखाली एक क्लॅम्प सापडला.

झालं होतं असं. इमारत बांधताना ज्यानं वायरिंग केलं त्यानं मीटर रूमपासून काही घरांपर्यंत दोनच तारा ओढल्या, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, हिरवी, अर्थिंगची तार वाचवली. मग अर्थिंग कुठून घेतलं? घरातल्या बोर्डातून एक तार काढली आणि ओट्याखालच्या पाण्याच्या पाइपाला क्लॅम्प मारून बांधून टाकली. तेव्हा ते चालूनही गेलं, कारण तो उभा लोखंडी पाइप खाली मोटारीपर्यंत आणि तिथून जमिनीत गेला होता. सोळा वर्षं पाण्याचा पाइपच त्या घरांचं अर्थिंग होता आणि आपल्याला कोणालाच ते माहीत नव्हतं.

मी उभा पाइप काढून प्लॅस्टिकचा घातला आणि त्या घरांचं अर्थिंग कापून टाकलं. उरलं काय? बोर्डातली अर्थिंगची तार नळाला जोडलेली आणि नळ जमिनीपासून तुटलेला. म्हणजे घरातल्या कोणत्याही एका उपकरणात लाईट उतरली की ती तारेतून थेट नळाला आणि बाकी सगळ्या उपकरणांच्या पत्र्याला. ज्या तारेनं वाचवायचं, तीच तार लाईट घरभर वाटत होती.

तीस वर्षं विजेचं काम केलेला माणूस मी. पाइप बदलताना, "याला काही बांधलेलं आहे का?" एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. हे मी आजपर्यंत जाहीरपणे बोललो नव्हतो. आज बोलतोय, कारण तीच चूक करण्याची संधी आपल्याला पुन्हा येते आहे, आणि या वेळी पाइपात पाणी नाही, गॅस आहे.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, सोपं आहे.

तारेवर कावळा बसतो, त्याला काही होत नाही. का? त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. विजेचा धक्का दाबामुळे बसत नाही, दोन ठिकाणांच्या दाबातल्या फरकामुळे बसतो. तुमचा एक हात फ्रिजवर आहे आणि दुसरा गॅसच्या पाइपावर. फ्रिजच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उतरलेत आणि पाइप जमिनीशी जोडलेला आहे, तर मधला रस्ता तुमच्या छातीतून जातो. उलटं झालं तरी तेच. पण फ्रिज, नळ, गॅसचा पाइप हे सगळं जाड तांब्याच्या तारेनं एकमेकांना आणि इमारतीच्या मुख्य अर्थिंगला पक्कं बांधलेलं असेल, तर दोन्ही हातांत फरक पडायला जागाच फार उरत नाही. तुम्ही कावळा झालात! या बांधण्याला बाँडिंग म्हणतात. पुस्तकात समविभव जोडणी लिहितात. आपण बाँडिंगच म्हणू.

अर्थिंग आणि बाँडिंग ही सख्खी भावंडं आहेत, पण कामं वेगळी. अर्थिंग गळालेल्या विजेला जमिनीत जायची वाट देतं. बाँडिंग आपल्या हाताला लागणाऱ्या सगळ्या धातूंना एका पातळीवर ठेवतं.

आता गॅसचा पाइप या हिशेबात कुठे बसतो? इथे दोन नियम आहेत, आणि वरवर पाहिलं तर ते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. म्हणूनच वायरमन गोंधळतात.

पहिला नियम: गॅसच्या पाइपाचा अर्थिंगसाठी वापर करायचा नाही. म्हणजे फ्रिजची, गीझरची, इन्व्हर्टरची हिरवी तार गॅसच्या पाइपाला बांधायची नाही.

दुसरा नियम: गॅसचा धातूचा पाइप इमारतीच्या अर्थिंगला बाँड केलेला असला पाहिजे.

एकीकडे बांधू नका म्हणतात, एकीकडे बांधा म्हणतात. मग खरं काय? दोन्ही खरं. घरातल्या बायकांना मी असं सांगितलं: गॅसच्या पाइपाला अर्थिंग द्यायचं, त्याच्याकडून घ्यायचं नाही. माझ्या सुनेनं ते फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. आपल्याकडे अर्थिंगचं भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. १९८७ चं होतं, २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. ज्वालाग्राही वायूचे पाइप अर्थ इलेक्ट्रोड म्हणून वापरू नयेत आणि पाण्याचे व गॅसचे धातूचे पाइप मुख्य बाँडिंगमध्ये घ्यावेत, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. बाहेरच्या देशांतही हेच. माझी मुलगी अमेरिकेत आहे. तिनं घर घेतलं तेव्हा तपासनिसाच्या अहवालात एक ओळ होती की गॅसचा पाइप बाँड केलेला नाही. विकणाऱ्याला ती तार जोडून द्यावी लागली, मगच व्यवहार पुढे सरकला. तिथल्या विद्युत संहितेतही जमिनीखालचा गॅसचा पाइप इलेक्ट्रोड म्हणून वापरायला बंदी आहे आणि घरातला पाइप बाँड करण्याची सक्ती आहे. ब्रिटनमध्ये तर गॅस मीटरच्या पुढे, शक्यतो ६०० मिलिमीटरच्या आत बाँडिंगचा क्लॅम्प असावा लागतो आणि त्यावर 'ही सुरक्षेची जोडणी आहे, काढू नये' अशा अर्थाची पट्टी असते. तीन देश, पण गोष्ट एकच.

आता कोणी विचारेल, काका, नाही बांधला तर काय होईल? पाइप तर जमिनीतूनच येतो ना, आपोआप अर्थ होणारच.

इथेच गंमत आहे. रस्त्याखालून जो पाइप येतो तो प्लॅस्टिकचा असतो, पॉलिथिलिनचा. इमारतीपाशी आला की तिथे जोड बसवून मग भिंतीवरून वर जाणारा जस्त चढवलेला लोखंडी पाइप सुरू होतो. म्हणजे आपल्या भिंतीवरचा हा उभा पाइप विजेच्या दृष्टीनं अधांतरी लटकलेला असतो. तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत, प्रत्येक स्वयंपाकघरात एक फांदी घातलेला, आणि जमिनीशी काही संबंध नाही. २०१६ साली मी पाण्याच्या पाइपाचं जे करून ठेवलं, तीच स्थिती इथे पहिल्या दिवसापासून असणार.

या गावाला पाइपांचा अनुभव जुना आहे. मलिक अंबरच्या नहरीपासून, पाणचक्कीला पाणी आणणाऱ्या मातीच्या नळांपासून. मातीच्या नळात लाईट उतरायची भीती नव्हती. मग लोखंड आलं, त्यानं वीज जमिनीत नेली. आता प्लॅस्टिक आणि लोखंड मिसळलंय, आणि कोण कुठे तुटलंय हे बाहेरून दिसत नाही.

समजा दुसऱ्या मजल्यावर एखाद्या घरी चिमणीची वायर पाइपाला घासून सोलली. पाइप बाँड केलेला नसेल, तर तो तसाच जिवंत होऊन बसेल. कोणाचाही फ्यूज जाणार नाही, कारण वीज कुठे वाहतच नाही, ती वाट पाहत थांबलेली असते. आणि वाट पाहते ती त्या एकाच घरात नाही. त्या पाइपावर जितकी स्वयंपाकघरं, तितक्या ठिकाणी. पाण्याच्या बाबतीत एका घरातला नळ जिवंत झाला होता. इथे सोळा घरांतले कॉक होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट. आजकाल हॉब आलेत, त्यांना ठिणगीसाठी थ्री-पिन प्लग असतो. हॉबचा पत्रा प्लगच्या अर्थ पिनेला जोडलेला, आणि हॉबमध्ये गॅसची धातूची नळी आलेली. म्हणजे तुम्ही ठरवा अगर न ठरवा, गॅसचा पाइप तुमच्या घराच्या अर्थिंगला जोडला जाऊ शकतो, तोही हॉबच्या बारीक वायरीतून. वरच्या मजल्यावरच्या बिघाडाची वीज तुमच्या हॉबच्या वायरीतून जमीन शोधत जाणार. त्या वायरीचं ते काम नाही, ती तापेल. म्हणून त्याला स्वतंत्र, जाड, ठरवून दिलेली वाट हवी. मानकाप्रमाणे मुख्य बाँडिंगची तांब्याची तार कमीत कमी ६ चौरस मिलिमीटरची लागते. इमारतीची मुख्य अर्थिंगची तार जाड असेल तर त्याप्रमाणे ही पण वाढते.

मग अर्थिंग घ्यायचं का नाही? कारण पाइपातून रोजच्या रोज वीज वाहता कामा नये. उद्या गॅसचा माणूस दुरुस्तीला आला, त्यानं पाना लावून जोड उघडला, आणि त्या क्षणी पाइपातून वीज वाहत असेल, तर जिथे धातू धातूपासून सुटतो तिथे ठिणगी पडते. आणि तिथेच थोडासा गॅस सुटलेला असतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की एवढीशी ठिणगी त्याला पुरते. दुसरं कारण, पाइप उद्या बदलला जाईल, प्लॅस्टिकचा तुकडा मध्ये येईल, आणि ज्यांनी त्याच्या भरवशावर अर्थिंग ठेवलं त्यांचं अर्थिंग न कळवता जाईल. ते कसं जातं, हे मावशींच्या मनगटाला विचारा.

आता थोडं आपल्या जमिनीबद्दल. वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या दगडात कोरलंय, तोच दगड आपल्या पायाखाली आहे. वर वीतभर माती, मग मुरूम, मग दगड. लेण्यांना उत्तम, अर्थिंगला वाईट. कोरडा दगड विजेला वाट देत नाही. आपला जिन्याजवळचा जुना अर्थिंगचा खड्डा मी एका मे महिन्यात टेस्टरनं मोजला. रोध आला २३ ओहम. आता साधा भागाकार करा: २३० व्होल्ट भागिले २३ ओहम, १० अँपिअर. म्हणजे गीझरची फेज पूर्णपणे पत्र्याला टेकली तरी जमिनीत १० अँपिअर जाणार. गीझरला एमसीबी किती अँपिअरचा? १६ चा. तो म्हणतो, १० अँपिअर? हे तर माझं रोजचं आहे. आणि तो पडत नाही! पत्रा जिवंत राहतो, एमसीबी शांत राहतो, आणि आपण म्हणतो, घरात एमसीबी आहे, काळजी नाही.

एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं, आरसीसीबी. ते गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ घालत असतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की निमिषात बंद. १० अँपिअर म्हणजे त्याच्या तीनशेपट. तिथे ते थांबणारच नाही. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर लाईट गेली पाहिजे. नाही गेली, तर ती डबी शोभेची आहे, बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रम. उत्साहाच्या भरात उद्याच कोणी गॅसचा पाइप घरच्या अर्थिंगला जोडायला जाऊ नका. ज्या घराचं अर्थिंगच मेलेलं आहे, त्याला गॅसचा पाइप जोडला, तर त्या घरातला बिघाड आपण सगळ्या विंगला वाटून टाकू. मी २०१६ साली जे एका घरात केलं, ते सोळा घरांत होईल. म्हणून आधी खड्डा दुरुस्त करायचा आणि मीटर रूमपासून प्रत्येक घरापर्यंत अर्थिंगची तार पोचलीय का ते मोजायचं. मग प्रत्येक घरी आरसीसीबी. आणि शेवटी गॅसच्या पाइपाचं बाँडिंग.

यात एक छुपा शत्रू आहे. काही वायरमन अर्थिंग नसलं की थ्री-पिन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना एक छोटी तार मारून जोडून देतात. स्टॅबिलायझरचा दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. पण त्या घराची न्यूट्रल कुठे तुटली की घरातल्या सगळ्या पत्र्यांवर लाईट. आणि पाइप बाँड केलेला असेल तर परतीची वीज पाइपातून वाहणार. असा जम्पर एका घरात असला तरी तो सगळ्यांच्या पाइपात आहे असं समजा. तपासणीत तो सापडला तर काढायलाच हवा, घरमालक कितीही जवळचा असो.

तर माझी कार्यकारिणीला विनंती आहे. कनेक्शनच्या कामाला सुरुवात होण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात.

एक. शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून सगळ्या, म्हणजे सगळ्या, घरांचं अर्थिंग मोजून घ्यावं, आणि तेही मे महिन्यात. पावसाळ्यात मोजलं तर खड्डा ओला असतो, आकडा गोड येतो. अपघातानंतर बी विंगचं काम आपण पूर्ण केलं. पण ए विंगमधली सात घरं अजून बाकी आहेत. "बघू, रंगकामाच्या वेळी करू," असं म्हणता म्हणता नऊ वर्षं झाली. मी नावं घेत नाही. ज्यांची घरं आहेत त्यांनी माझ्याकडे पाहणं थांबवलंय, त्यावरून बाकीच्यांना कळेलच.

दोन. गॅस कंपनीच्या अभियंत्यांशी आधी बोलावं, की उभ्या पाइपाला बाँडिंग कुठे घ्यायचं. कुठे मुद्दाम वीज तोडणारा जोड बसवलेला असतो, तो आपण तारेनं ओलांडायचा नसतो. मीटर आणि त्याची सील यांना आपला वायरमन हात लावणार नाही. क्लॅम्प बसेल तो रंग खरवडून स्वच्छ धातूवर, दिसेल अशा जागी, आणि त्यावर मराठीत पट्टी: 'सुरक्षेची जोडणी. काढू नये.' म्हणजे दहा वर्षांनी माझ्यासारखा कोणी शहाणा सही करायला बसेल, तेव्हा त्याला प्रश्न पडेल.

तीन. यापुढे कोणताही पाइप काढण्यापूर्वी, पाण्याचा असो, गॅसचा असो, याला काही बांधलेलं आहे का, हे पाहून लेखी नोंद व्हावी. एका ओळीचा ठराव आहे. खर्च शून्य.

आणि आपण घरच्या लोकांनी काय करायचं? गॅसच्या पाइपाला काही बांधायचं नाही. कपडे वाळत घालायची दोरी नाही, केबलवाल्याची वायर नाही, इंटरनेटची नाही, गणपतीची आणि दिवाळीची लाईटची माळ तर मुळीच नाही. पाइप दिसायला सोयीचा असतो, मान्य आहे. पाइपाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर "थंडीमुळे असेल" म्हणून सोडू नका. मेन स्विच बंद करा आणि कळवा. पण गॅसचा वास आला, तर उलटं. तेव्हा कोणताही स्विच चालू नाही, बंदही नाही. बेलसुद्धा वाजवायची नाही. कॉक बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि फोन बाहेर गेल्यावर. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा जड, खाली साचतो. तेव्हा पाइपच्या गॅससाठी वरची खिडकी, झरोका मोकळा हवा. ओट्यावर नवं फर्निचर करताना तो बुजवू नका.

शेवटचं सांगतो आणि बसतो.

त्या अपघातानंतर मावशींचा दवाखान्याचा खर्च सोसायटीनं केला. पण सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये, त्या दिवसांच्या पगाराचं काय, असा विषय समितीत निघाला. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "त्या आपल्या सभासद नाहीत, तरतूद कशात दाखवायची?" मी त्या बैठकीत होतो. सही माझी होती, चूक माझी होती, आणि मी गप्प बसलो. नंतर काही घरांनी मिळून ते पैसे दिले, त्यात मीही होतो. पण बैठकीत मी बोललो नाही, हे खरंच.

आपल्या घरांतल्या नळाला, ओट्याला, उद्या गॅसच्या कॉकला सर्वांत जास्त हात कोणाचे लागतात? घरातल्या बायकांचे आणि या मावशींचे. ते हात ओले असतात आणि पाय अनवाणी असतात. सभेत ठराव करणारे हात बहुतेक कोरडे असतात. म्हणून या कामाचा निर्णय घेताना खर्चाचा तक्ता पाहाच, पण तो ओला हातही डोळ्यांसमोर असू द्या.

मावशी आज इथे आल्या आहेत. मागे, दाराजवळ बसल्यात. पुढे या म्हटलं तर येत नाहीत. मावशी, नऊ वर्षं झाली, पण आज सगळ्यांसमोर सांगतो: ती चूक माझी होती. माफ करा.

आणि ए विंगच्या त्या सात घरांना एवढंच सांगतो, की माझा टेस्टर अजून चालतो. रविवारी सकाळी दहाला मी येतो. चहा ठेवा.